मशीन नको, चिमटीने काढा
उन्हाळ्यात कुत्र्याच्या केसांवर सरळ केस कापायचं मशीन फिरवून मोकळं व्हा, असं काही जण सांगतात. मला नाही पटत. स्टँडर्ड श्नाउझरसारख्या राठ केसांच्या कुत्र्याचा वरचा केस कापला की मेलेलं मूळ कातडीतच राहतं आणि अंगावर मऊ, फिकट केस उरतात. आमच्या कुत्रीच्या पाठीचा मीठ-मिरी रंग असाच पार राखाडी झाला होता. आता मी सुटायला आलेले केस चिमटीत धरून वाढीच्या दिशेने थोडे थोडे काढते. अलगद सुटतात, ती मांडीवर झोपूनही जाते. जोर लावावा लागला तर थांबायचं. (म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र मशीनच बरं.)

आणि दाढी! पाणी पिऊन झालं की लगेच पुसा. ओली राहिली की हनुवटीखाली वास येतो, कातडी लाल होते.