महापालिकेने स्वतःचा कार्बन मोजावा का?

तापीकाठ (धुळे)
माझं मत सरळ आहे. जळगाव आणि धुळे महापालिकांनी अख्ख्या शहराचा हिशेब सावकाश करावा, आधी स्वतःच्या कारभारातून किती हरितगृह वायू (हवा तापवणारे कार्बन डायऑक्साइड, मिथेनसारखे वायू) बाहेर पडतात ते मोजावं. धुळ्याला तापीचं पाणी सुकवदहून उपसून बाभळ्याला शुद्ध होऊन येतं, जळगावला वाघूर धरणातून. सगळं विजेवर. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. महिन्याला समजा एक लाख युनिट जळाले, तर ७० टन झाले. बिल दरमहा येतंच. कायद्याप्रमाणे आयुक्तांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो, त्यात या आकड्यांचा तक्ता घाला.

खान्देशी करदाता (जळगाव)
भाऊ, पूर्ण विरोध. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र कोळसा जाळतंय आणि आपण पालिकेच्या जीपचं डिझेल मोजायचं? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बायाबापड्या नळाची वाट बघत बसतात. पालिकेत माणसं अपुरी. आता सल्लागार नेमणार, त्याचं बिल निघणार, अहवाल कपाटात जाणार. तो पैसा जलवाहिनीला लावा.

पंपहाऊसवाला
दादा, जलवाहिनीसाठीच हे मोजायचं. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला शास्त्राप्रमाणे ०.२७ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता धरली तर ०.४५. प्रत्यक्षात त्याच कामाला ०.७ लागत असतील, तर पंप खराब आहे. इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजतो, ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) धार लागते, मोटर मात्र सुरळीत फिरत असते, म्हणून सगळे म्हणतात पंप चालू आहे. वीज खाल्ली जाते, टाकी भरत नाही. आणि वाटेत गळून गेलेल्या पाण्यावरही उपशाची वीज खर्च झालेलीच असते. दर हजार लिटरला किती युनिट, एवढा एक आकडा दरमहा लिहा. त्याला सल्लागार कशाला? फ्लो मीटर (किती पाणी गेलं ते मोजणारा) चालू हवा, बस. तोच बंद असला तर आधी तो दुरुस्त करा.

हिशेबनीस ताई
मोजायला माझी हरकत नाही, पण कुणाच्या खात्यात काय, हे आधी ठरवा. कॅलिफोर्नियातून आलेला लोकल गव्हर्नमेंट ऑपरेशन्स प्रोटोकॉल (मोजणीची नियमावली, सुधारित आवृत्ती २०१०) नेमका याच कामासाठी आहे. स्वतः जाळलेलं इंधन पहिल्या गटात, विकत घेतलेली वीज दुसऱ्या गटात, ठेकेदारासारख्यांचं तिसऱ्यात, आणि तिसरा गट ऐच्छिक. आता घंटागाड्या ठेक्याने दिल्या तर डिझेल ठेकेदाराचं. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पालिकेच्या तक्त्यातून गायब. गाड्या तेवढ्याच, धूर तेवढाच, कागदावर मात्र घट! हे मला मान्य नाही. ठेक्यातलं डिझेल धरणार नसाल तर तक्ता करूच नका.

तापीकाठ
ताई, अगदी बरोबर. निविदेतच अट टाकता येईल: दरमहा लिटरचा हिशेब दिल्याशिवाय बिल निघणार नाही.

डेपोशेजारी
वीज-डिझेलवर एवढं बोललात, कचरा डेपो कुणी धरला का? ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, ओला कचरा कुजून मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवतो. उन्हाळ्यात ढीग पेटला की आमच्या घरात लेकरं खोकत असतात. धूर सोसतो आम्ही, आमच्या नावाचा रकाना कुठंच नाही.

खान्देशी करदाता
ताई-दादा, पंपाचं पटलं. डेपोचंही दुखणं खरं शे. पण डेपोतला मिथेन कुणी मीटरवर मोजत नाही, सूत्राने काढतात. कचरा किती टन, त्यात ओला किती, हेच धड वजन करून लिहिलं नसेल तर आकडा हवा तसा फिरवता येतो. तो मी मानणार नाही.

पंपहाऊसवाला
मग दोन रकाने करा. बिलावरून आलेला आकडा एकात, अंदाजाचा दुसऱ्यात, दोन्हींची बेरीज करायची नाही. आणि डेपोच्या फाटकावरच्या वजनकाट्याची रोजची पावती जपून ठेवा.

खान्देशी करदाता
वजनकाट्याला पाठिंबा. सल्लागाराला विरोध कायम. तक्ता पालिकेच्या विद्युत विभागाने स्वतः भरावा आणि पाणीपट्टीच्या बिलामागे छापावा, म्हणजे तो घरोघर पोचेल.