मदत हवी आहे : क्रेनियल नर्व्ह बिघडली की जीभ एका बाजूला आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला का जाते?

पारिजात

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. क्रेनियल नर्व्ह्जच्या, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या आणि शाळेत आपण ज्यांना कर्पर चेता म्हणायचो त्या नसांच्या, बाराही जोड्यांची नावं मला येतात. कोणती संवेदी, कोणती प्रेरक, कोणती मिश्र हेही येतं. घोडं अडतं ते बाजूपाशी.

उजवी बारावी नर्व्ह गेली तर बाहेर काढलेली जीभ उजवीकडे वळते. उजवी दहावी गेली तर 'आ' म्हणताना पडजीभ डावीकडे जाते. उजवी सातवी गेली तर हसताना तोंड डावीकडे ओढलं जातं. पाचवीचा प्रेरक भाग गेला तर जबडा उघडताना आजारी बाजूला सरकतो. आणि उजवी अकरावी गेली तर म्हणे मान डावीकडे वळवायला जड जाते! कोष्टक करून पाठ केलं की चार दिवस टिकतं, मग पुन्हा सगळं उलटसुलट. मला यामागचं कारण हवं आहे, म्हणजे पेशंट समोर बसला की त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचार करता येईल.

दुसरा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. स्ट्रोकमध्ये चेहरा वाकडा झाला तरी कपाळाला आठ्या पडतात, बेल्स पाल्सीत (सातवी नर्व्ह सुजून चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते त्या आजारात) मात्र पडत नाहीत. पुस्तकात यावर एकच ओळ आहे. कुणी उलगडून सांगाल का?

---

निशिगंध

पारिजात, प्रश्न छान विचारला आहेस. मी न्यूरॉलॉजीत काम करते. तुझं कोष्टक आधी बाजूला ठेव.

नर्व्ह स्वतः काहीच वळवत नाही, वळवतो तो स्नायू. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी विचार कर की हा स्नायू ढकलतो की ओढतो.

जीभ बाहेर काढणारा मुख्य स्नायू जिनिओग्लॉसस. तो जिभेला पुढे आणि पलीकडच्या बाजूला ढकलतो. दोन्हीकडचे सारख्या जोराने काम करतात तेव्हा जीभ सरळ येते. होडीत उजवं वल्हं थांबलं आणि डावं चालू राहिलं तर होडी उजवीकडे वळते ना, तसंच. जबड्याचंही तेच: लॅटरल टेरिगॉइड स्नायू जबडा पलीकडे ढकलतो, म्हणून जबडा आजारी बाजूला सरकतो.

टाळू आणि चेहरा इथे स्नायू ओढतात. टाळूचा निरोगी अर्धा भाग वर उचलला जातो आणि पडजिभेला आपल्याकडे घेतो. गालाचे स्नायूही ओठांचा कोपरा स्वतःच्या दिशेने खेचतात. म्हणजे ढकलणारा स्नायू गेला तर वळण आजारी बाजूला, ओढणारा गेला तर निरोगी बाजूला. हे एकदा पटलं की पाठांतराची गरज उरत नाही.

अकराव्या नर्व्हसाठी आपल्याच मानेला हात लाव. स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड छातीच्या हाडापासून कानामागच्या उंचवट्यापर्यंत तिरका जातो. उजवा आकसला की उजवा कान पुढे आणि खाली येतो, मग चेहरा कुठे वळणार? डावीकडेच. हाताच्या विरोधात चेहरा डावीकडे वळवून बघ, उजवीकडचा पट्टा टरारून उठलेला बोटांना लागेल. याच नर्व्हवर चालणारा ट्रॅपेझियस मात्र आपल्याच बाजूचा खांदा उचलतो. त्यामुळे उजव्या अकराव्या नर्व्हच्या इजेत उजवा खांदा पडतो आणि डावीकडे वळण्याचा जोर कमी होतो. मानेच्या बाजूची गाठ काढताना ही नर्व्ह दुखावली जाऊ शकते, कारण तिथे ती त्वचेच्या बरीच जवळून जाते. अशा इजेत बहुधा फक्त खांदा जातो, कारण स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइडची शाखा त्याआधीच निघालेली असते. तुम्हा फिजिओंकडे असे पेशंट 'खांदा दुखतो, हात वर जात नाही' एवढंच सांगत येतात.

एक खबरदारी सांगते. चेहऱ्याची एक बाजू पडलेली असेल तर ओठच वाकडे असतात आणि सरळ जीभही वाकडी भासते. पडलेला ओठांचा कोपरा बोटाने उचलून धर आणि जीभ नाकाच्या शेंड्याच्या रेषेत आहे का ते बघ. आणि जीभ तोंडाच्या आत निवांत असतानाही पाहा. नर्व्हच गेली असेल तर काही आठवड्यांत तो अर्धा भाग बारीक आणि सुरकुतलेला होतो, त्यात बारीक फडफड दिसते. मेंदूतल्या स्ट्रोकमध्ये जीभ वळते, पण अशी झिजत नाही.

---

औदुंबर

निशिगंधताईंनी पहिला भाग नेमका सांगितलाय. कपाळाचं मी सांगतो, मी शरीररचनाशास्त्र शिकवतो.

सातव्या नर्व्हचं केंद्रक, म्हणजे ती जिथून सुरू होते तो पेशींचा पुंजका, पॉन्समध्ये असतं. पॉन्स म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या ब्रेनस्टेमचा मधला भाग. त्यातल्या कपाळ आणि पापण्यांकडे जाणाऱ्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आदेश येतात. गाल आणि ओठांच्या भागाला मात्र प्रामुख्याने विरुद्ध अर्धगोलाकडूनच. डाव्या अर्धगोलात स्ट्रोक झाला की चेहऱ्याच्या उजव्या खालच्या भागाचा आदेश तुटतो, पण उजव्या कपाळाला उजव्या अर्धगोलाचा आदेश पोचत राहतो. बेल्स पाल्सीत केंद्रकाच्या पुढची नर्व्हच सुजलेली असते. आदेश दोघांनी पाठवले तरी पुढची वाट बंद, म्हणून अख्खी बाजू लुळी पडते. डोळा मिटायला सांगितला तर पापणी मिटत नाही आणि बुबुळ वर सरकलेलं दिसतं.

याच नर्व्हच्या वाटेवर आणखी गोष्टी सुटतात: अश्रुग्रंथीकडे जाणारे तंतू, कानात मोठे आवाज दबवणाऱ्या स्टेपिडियस स्नायूची शाखा, जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव. म्हणून पेशंटला विचारायचं की त्या कानाला आवाज मोठे लागतात का, चव बदलली का. दोन्ही असेल तर बिघाड कवटीच्या हाडातल्या अरुंद कालव्यात वरच्या अंगाला आहे. फक्त चेहरा लुळा असेल तर बिघाड बहुधा त्याच्या पुढे, कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथीच्या आसपास. परीक्षक इथे हमखास अडकवतात: सातवी नर्व्ह पॅरोटिडमधून जाते खरी, पण त्या ग्रंथीला लाळ सोडायला नववी सांगते.

---

वाटसरू

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या वडिलांचा चेहरा आज सकाळी उठल्यावर एका बाजूला वाकडा दिसतोय. आठी पडत नाही, म्हणजे स्ट्रोक नाही असं समजू का?

---

निशिगंध

वाटसरू, नाही. आत्ताच्या आत्ता त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. कपाळाची तपासणी डॉक्टरांसाठी आहे, तीही बाकीच्या तपासणीसोबत. घरी बसून त्यावर निर्णय घेऊ नका. पॉन्समध्येच स्ट्रोक झाला तर कपाळही जाऊ शकतं. बोलणं अडखळतंय, हातापायात जोर नाही, तोल जातोय किंवा एकाचे दोन दिसतायत, यातलं काहीही असेल तर ते तिथे पोचताच सांगा. बेल्स पाल्सी निघाली तरी उशीर नको, कारण स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू केल्यास बरं होण्याची शक्यता वाढते. कानात किंवा कानाभोवती फोड दिसले तर तेही सांगा, नागिणीच्या विषाणूनेही असं होतं. डोळा मिटत नसेल तर तो कोरडा पडून बुबुळाला जखम होते, म्हणून थेंब आणि रात्री पट्टी याबद्दल आठवणीने विचारा.

---

वाटसरू

निघालोच. आभारी आहे.

---

पारिजात

वाटसरू, बाबांना लवकर बरं वाटो.

ताई, सर, ढकलणं-ओढणं मी आरशासमोर करून पाहिलं, मान वळवतानाचा पट्टा खरंच लागतो. आता फक्त डोळ्यांचं राहिलं. चौथ्या नर्व्हचा पेशंट मान तिरकी का धरतो?

---

औदुंबर

चौथी नर्व्ह सुपीरियर ऑब्लिक या एकाच स्नायूसाठी आहे. डोळा नाकाकडे वळलेला असताना तो त्याला खाली नेतो आणि बुबुळाचा वरचा भाग आतल्या बाजूला फिरवतो. जिना उतरताना आणि वाचताना नेमकं हेच लागतं, म्हणून तक्रार तिथेच येते: पायऱ्या एकावर एक दोन दिसतात. उजवी चौथी गेली तर उजवा डोळा थोडा वर आणि बाहेर फिरलेला राहतो. मान डाव्या खांद्याकडे झुकवली की त्या स्नायूची गरज कमी होते आणि दोन प्रतिमा एक होतात. पेशंट हे नकळत करतो. जुने फोटो मागवून बघितले तर कधी लहानपणापासूनच मान तिरकी दिसते, मग बिघाड जन्मजात असल्याचं लक्षात येतं. ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी ही एकमेव नर्व्ह, आणि निघताना ती बाजू बदलते.

तिसऱ्या नर्व्हमध्ये बाहुलीकडे आवर्जून बघायचं. बाहुली लहान करणारे तंतू नर्व्हच्या पृष्ठभागावर असतात. बाहेरून दाब आला, उदाहरणार्थ रक्तवाहिनीच्या फुग्याचा, तर तेच आधी दबतात आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात नर्व्हच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, तेव्हा पापणी पडते, डोळा बाहेर-खाली जातो, पण बाहुली बहुधा शाबूत राहते. पापणी पडलेली, डोकं दुखतंय आणि बाहुली मोठी, असा पेशंट क्षणभरही थांबवून ठेवायचा नसतो.

आता तू सांग. डावा चेहरा कपाळासकट लुळा, डावा डोळा बाहेर वळत नाही, आणि उजव्या हातापायात जोर नाही. बिघाड कुठे?

---

पारिजात

कपाळ गेलंय, म्हणजे डावी सातवी केंद्रकापाशी किंवा पुढे. डोळा बाहेर वळत नाही, म्हणजे डावी सहावी. दोघी पॉन्समधून निघतात. हातापायाच्या वाटा अजून खाली, ब्रेनस्टेमच्या तळाशी मेड्युलात बाजू बदलतात, म्हणून डावीकडच्या बिघाडाने उजवे हातपाय जातात. डावा पॉन्स?

---

औदुंबर

बरोबर, डावा पॉन्स, खालचा भाग. चेहरा एका बाजूचा आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे दिसले की ब्रेनस्टेमकडेच बघायचं. फक्त सहावी एकटी गेलेली दिसली तर मात्र घाईने पॉन्सवर बोट ठेवू नकोस. कवटीतला दाब कुठल्याही कारणाने वाढला तरी ती ताणली जाते, त्यामुळे आधी डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची सूज बघायला सांगायचं.