पट्टा सैल सोडून बघा

तुमचा साडेचार महिन्यांचा ग्रेट डेन कुत्रा फिरायला निघालं की गेटपाशीच बसकण मारतो, ओढलं तरी हलत नाही, असं लिहिलंय तुम्ही. कृपया ओढू नका. पट्टा ताणला की पिल्लू आपसूक उलट्या बाजूला जोर लावतं, त्याला हट्ट म्हणू नका. आमची लॅब्रॅडॉर अशीच जिन्याखाली पाय रोवून बसायची. मी पट्टा सैल सोडून तिच्याकडे पाठ करून उकिडवी बसायचे, मुठीत उकडलेल्या चिकनचा तुकडा. दोन-तीन मिनिटांनी ओलं नाक मनगटाला लागायचं. एक पाऊल, एक तुकडा. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या. डांबर तापलंय का, तळहात टेकवून पाहा. मोठ्या जातींची हाडं दीड वर्षापर्यंत वाढत असतात, त्यामुळे लांब फेरीची घाई नकोच. लंगडत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.