कॅप्स लॉकचा कंट्रोल करायचाय, पण इनस्क्रिप्ट बिघडता कामा नये

सातपूरकर:
काम मराठी टायपिंग आणि प्रूफ दुरुस्तीचं. दिवसभर इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी), मधूनमधून इंग्रजी. ऑफिसात (नाशिकचं अंबड) विंडोज ११, घरी उबुंटू (लिनक्स). कॉपी-पेस्ट, शब्दाशब्दाने उड्या, अख्खा शब्द खोडणं, सगळं डाव्या कंट्रोलवर. संध्याकाळपर्यंत डावी करंगळी भरून येते. मराठीत कॅप्स लॉकचा मला काहीच उपयोग नाही, तेव्हा त्याचाच कंट्रोल करावा म्हणतो. दोन्ही मशीनवर कसं करायचं? ऑफिसच्या मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड मिळणार नाही. आणि उजवा ऑल्ट रिकामाच दिसतो, त्याचाही कंट्रोल करू का?

गोदाकाठ:
शेवटचं आधी सांगतो: उजव्या ऑल्टला हात लावू नका. तो ऑल्ट-ग्राफ, म्हणजे जादा चिन्हं काढायची की आहे. विंडोजच्या 'इंग्लिश इंडिया' लेआउटमध्ये त्याच्यासोबत ४ दाबलं की ₹ उमटतं, आणि एनहान्स्ड इनस्क्रिप्टची (इनस्क्रिप्टची वाढीव आवृत्ती) जादा चिन्हंही त्याच्याच मागे लपलेली असतात.

विंडोजवर मार्ग दोन. अ‍ॅडमिन नसेल तर पॉवरटॉइज, हे मायक्रोसॉफ्टचं मोफत सॉफ्टवेअर. त्याचा फक्त स्वतःच्या खात्यापुरता बसणारा इन्स्टॉलर वेगळा मिळतो, तो घ्या (आयटीवाल्यांना आधी विचारलेलं बरं). कीबोर्ड मॅनेजरमध्ये 'रीमॅप अ की', डावीकडे कॅप्स लॉक, उजवीकडे लेफ्ट कंट्रोल. सेव्ह करताना 'कॅप्स लॉकला आता कुठलीच की उरली नाही' अशा अर्थाचा इशारा येतो. आपल्याला तेच हवंय, पुढे जा. मात्र त्याआधी कॅप्स लॉकचा दिवा बंद आहे ना ते बघा. चालू राहिला तर नंतर बंद करायला कीच नसते आणि इंग्रजी सगळं मोठ्या लिपीत उमटतं.

त्रुटी अशी, की पॉवरटॉइज मागे चालू असेल तोवरच हे चालतं. लॉगिनच्या पडद्यावर नाही. एखादा प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणून उघडलेला असेल तर तिथेही नाही. आपण सेटिंग चुकलं समजून डोकं खाजवत बसतो.

दुसरा मार्ग रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) स्कॅनकोड मॅप, म्हणजे कुठल्या कीने कुठलं काम करायचं ती नोंद. तो सगळीकडे चालतो, पण लिहायला अ‍ॅडमिन लागतो, रीस्टार्ट लागतो, आणि मशीनच्या सगळ्या वापरकर्त्यांना व सगळ्या कीबोर्डना लागू होतो. शार्पकीज हे छोटं सॉफ्टवेअर तीच नोंद करून देतं. हाताने भरायची तर एका बदलाला २० बाइट: आधी आठ वेळा ००, मग ०२ ०० ०० ००, मग १डी ०० ३ए ००, शेवटी चार वेळा ००. ०२ का, तर शेवटची शून्यांची ओळही मोजणीत धरतात. आणि जोडीत नवी की आधी, जुनी नंतर. उलटं लिहिलंत तर कंट्रोलचा कॅप्स लॉक होतो.

द्वारका_सर्कल:
उबुंटूवर सोपं: ग्नोम ट्वीक्स (जादा सेटिंगचं अ‍ॅप) उघडा, कीबोर्ड, 'अ‍ॅडिशनल लेआउट ऑप्शन्स', 'कंट्रोल पोझिशन', तिथे 'कॅप्स लॉक अ‍ॅज कंट्रोल'. त्याच यादीत 'स्विचिंग टू अनदर लेआउट' खाली कॅप्स लॉकवर खूण असेल तर ती काढा. मराठी-इंग्रजी बदलायला अनेकांनी ती केलेली असते, आणि एकाच कीवर दोन कामं लावली की कुठलं चालेल याचा भरवसा नाही. भाषा सुपर-स्पेसवर ठेवा (सुपर म्हणजे विंडोजचीच की), विंडोजवरही विंडोज-स्पेस असल्याने हाताला तीच सवय राहते.

याहून जास्त हवं असेल तर कीडी, हे लिनक्सवर कींची कामं बदलणारं सॉफ्टवेअर. सोर्स उतरवून मेक, मग सुडो मेक इन्स्टॉल, मग सिस्टिमसीटीएलने सेवा चालू. वेलँड, एक्स (लिनक्सच्या पडद्याच्या दोन व्यवस्था) आणि नुसता कन्सोल, तिन्हीकडे चालतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मेन विभागात कॅप्सलॉकला ओव्हरलोड द्या, कंसात कंट्रोल आणि एस्क. दाबून धरलं की कंट्रोल, नुसतं टिचकावलं की एस्केप. पण विचार बदलून काही न दाबता सोडलं तरी एस्केप जातो आणि उघडलेला डायलॉग बंद होतो. त्यासाठी ग्लोबल विभागात ओव्हरलोड टॅप टाइमआउट २०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. फाइल चुकून कीबोर्ड अडकलाच तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबा, कीडी बंद पडतो.

पंचवटी_टंकलेखन:
सगळे कंट्रोलच्या मागे लागलेत, पण इनस्क्रिप्टवाल्याची करंगळी शिफ्टनेही दमते. 'गंगापूर धरण' टाइप करून बघा. 'गंगापूर'मध्ये एकदाही शिफ्ट लागत नाही. 'धरण'मध्ये तीनपैकी दोन अक्षरांना लागतो: ध म्हणजे शिफ्ट-ओ, ण म्हणजे शिफ्ट-सी. ओ उजव्या हाताखाली, म्हणून ध ला डावा शिफ्ट. सी डाव्या हाताखाली, म्हणून ण ला उजवा. बहुतेक जण दोन्हीला डावाच वापरतात, मग ण साठी करंगळी आणि मधलं बोट एकाच हातात ताणली जातात. ख, घ, थ, भ, ळ डाव्या शिफ्टने, ण आणि अ-इ-उ उजव्याने, एवढी शिस्त लावलीत तर सॉफ्टवेअरविना फरक पडेल.

कीडीत दोन्ही शिफ्टना वनशॉट देता येतं: शिफ्ट टिचकावून सोडायचा, पुढचं एक अक्षर शिफ्टचं उमटतं, धरून ठेवलं तर नेहमीसारखा चालतो. विंडोजवर जवळपास तेच काम स्टिकी कीज ही अंगचीच सोय करतं, पण 'दोन की एकत्र दाबल्यास बंद करा' ही खूण काढा, नाहीतर पहिल्याच कंट्रोल-सी ला ते बंद पडेल. ते कंट्रोललाही लागू होतं हे मात्र मला आवडत नाही. चुकून टिचकावलेल्या कंट्रोलनंतर एस दाबलं की एकाराची मात्रा लागायच्या जागी फाइल सेव्ह होते.

आणि कॅप्स लॉकही करंगळीखालीच येतो. बळकट बोट अंगठा. डावा ऑल्ट आणि डावा कंट्रोल यांची अदलाबदल केली की कंट्रोल अंगठ्याखाली येतो. ऑल्ट-टॅब काही दिवस चुकेल, पण कॉपी-पेस्टचं काम एवढं असेल तर मी हेच सुचवेन.

सातपूरकर:
पॉवरटॉइजला ऑफिसातून नकार आला. आणि विंडोजवर मधेच कीबोर्ड बदलतो, तो कशाने?

गोदाकाठ:
मजकूर निवडायला कंट्रोल-शिफ्ट धरता आणि बाण न दाबताच सोडता, त्याने. अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये 'इनपुट लँग्वेज हॉट कीज', तिथे 'चेंज की सीक्वेन्स', आणि दोन्ही रकान्यांत 'नॉट असाइन्ड'.

सॉफ्टवेअर चालत नसेल तर व्हाया किंवा क्यूएमके (कीबोर्डच्या आतच कींची कामं बदलून ठेवणारी सॉफ्टवेअर) चालणारा बाहेरचा कीबोर्ड घ्या. घरी एकदा बदल करून ठेवला की तो कीबोर्डमध्येच राहतो, ऑफिसात नुसता जोडायचा. एमजी रोडला दुकानदार 'प्रोग्रॅमेबल आहे' म्हणेल, तेव्हा एवढंच विचारा: दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर सेटिंग राहतं का? आणि शक्य असेल तर दुकानातल्याच दुसऱ्या मशीनवर लावून बघा.