कॉकरच्या कानाचा वास जातो आणि पंधरा दिवसांत परत येतो

मुळशीकर
इंग्लिश कॉकर जातीचा कुत्रा, नर, वय ७ महिने, वजन साडेनऊ किलो. दोन्ही कानांतून आंबूस वास, आत तपकिरी चिकट मळ, सारखं डोकं झटकणं चालू. ड्रॉप्स घातले की चार दिवसांत थांबतं, बंद केले की पुन्हा तेच. जूनपासून ही तिसरी खेप. शिवाय डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अधूनमधून लालबुंद गोळी दिसते आणि आपोआप आत जाते. दोन्हींचा संबंध असावा का?

कानफाट्या
चार दिवसांत वास गेला, रोग गेलेला नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते. कॉकरच्या नळीत केस जास्त, मेण करणाऱ्या ग्रंथी जास्त आणि वर कानाचं जड झाकण. पावसाळ्यात ते वाळतच नाही. बाहेरून स्वच्छ दिसतं, वळणापलीकडे सगळं जसंच्या तसं.

आधी स्लाइड करून घ्या. दोन्ही कानांतला मळ वेगवेगळ्या काचांवर घेऊन रंगवतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. भुईमुगाच्या शेंगेसारखे कण दिसले तर मॅलेसेझिया, म्हणजे यीस्ट. तुमच्या वर्णनावरून तेच वाटतं. पिवळा पू असेल तर बहुधा बॅक्टेरिया, कॉफीच्या चोथ्यासारखा काळा चुरा असेल तर माइट्स, म्हणजे कानातले बारीक किडे. तिन्हींची औषधं वेगळी, म्हणून मागच्या वेळची उरलेली बाटली वापरू नका.

कानाचा पडदा शाबूत आहे का, तेही ओटोस्कोपने बघायला सांगा. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आत गेलं तर ऐकू येणं कमी होऊ शकतं, तोलही जाऊ शकतो.

डबल_कोट
धुण्याची पद्धत चुकली तर चांगलं औषधही वाया जातं. इअर क्लीनरची बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. पाळी वर धरून नळी काठोकाठ भरा, बाटलीचं तोंड कानाला टेकवू नका. कानाच्या बुडाशी अर्धा ते एक मिनिट चोळा, पचपच आवाज यायला हवा. मग त्याला झटकू द्या (न्हाणीघरातच करा, नाहीतर भिंती रंगतील). वर आलेलं कापसाने, बोट जाईल तेवढंच पुसा. इअरबडने मळ आत ठासला जातो. औषध दहा मिनिटांनी.

उपचार चालू असताना व्हेट सांगतील त्या अंतराने धुवा, नंतर आठवड्यातून एकदा आणि भिजल्यावर. उगाच रोज धुतलं तर आतली कातडी भिजून नरम पडते. खोबरेल, लसणाचं तेल, स्पिरिट, पेरॉक्साइड यातलं काहीही नको. पाळीच्या आतले आणि भोकाखालचे केस ट्रिमरने बारीक ठेवा, नळीतले उपटू नका. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं घ्या, म्हणजे कान बाहेर राहतात.

पावसाळा संपला की माळावर कुसळं येतात. एकाच कानाचा त्रास अचानक सुरू झाला, मान त्या बाजूला कलली, तर त्याच दिवशी दाखवा. कुसळ उलटं फिरत नाही, पुढेच सरकतं.

शिर्मर१५
डोळ्याचा कानाशी संबंध नाही. ती चेरी आय, म्हणजे तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी बाहेर येते. कुणी ‘कापून टाकू’ म्हटलं तर सरळ नाही म्हणा. अश्रूंचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तीच करते, आणि कोरड्या डोळ्याचा त्रास कॉकरला तसाही जास्त. ग्रंथी खिसा करून आत शिवतात. आधी शिर्मर पट्टीची, म्हणजे अश्रू मोजायची चाचणी करून घ्या. एका मिनिटात पट्टी १५ मिमी किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या खाली आली तर काळजीचं.

आता कान. तिसरी खेप म्हणजे अ‍ॅलर्जीचा संशय घ्यायलाच हवा. पंजे चाटतो का? पोट लाल होतं का?

मुळशीकर
पंजे चाटतो, पुढचे दोन्ही. खाणं चिकनचं. ड्रॉप्स किती दिवस घालायचे?

शिर्मर१५
दिवस मोजू नका, पुढची स्लाइड स्वच्छ येईपर्यंत घाला. बहुतेकदा दोन ते चार आठवडे लागतात. खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते कळायला, कान शांत झाल्यावर व्हेटच्या सल्ल्याने ८ आठवडे, त्याने कधी न खाल्लेलं एकच प्रथिन द्या. वाढीचं वय आहे, तेव्हा घरचा आहार स्वतः ठरवू नका. चघळायच्या जंताच्या गोळ्यांतही मांसाची चव असते, ती विचारून घ्या. मध्ये कुणी बिस्किट दिलं तर ८ आठवडे पहिल्यापासून.