पणजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ, पॉलिश करू का नको?

नौपाडाकर:
मंडळी, गावचं घर आवरताना ट्रंकेत पणजोबांचं खिशातलं घड्याळ सापडलं. साखळी गायब. वरचं बटण फिरवून चावी दिली की टिकटिक करतं आणि दहा मिनिटांत गप्प. मागच्या झाकणावर एकदम बारीक नागमोडी रेघा, मधे ढालीसारखी कोरी जागा, पण सगळं काळंकुट्ट. इथे ठाण्यात एका सराफाला दाखवलं तर म्हणे बफ मारून आरशासारखं करतो, नाहीतर मोडीत द्या. आत तीन अस्वलं आणि ०.९३५ असा शिक्का आहे, ही काय भानगड?

मिनिटकाटा:
बफ अजिबात नको!! त्या रेघांना गिलोशे म्हणतात. रोझ इंजिन म्हणून हाताने फिरवायचं यंत्र असतं, त्यात झाकण बसवायचं, मागे पाकळ्यांसारख्या कडेची चकती असते, ती फिरताना झाकणाला डुलवते आणि हत्यार एका जागी धरलेलं असतं म्हणून रेघ नागमोडी पडते, मग हत्यार केसभर सरकवून पुढची रेघ, असं करत अख्खं झाकण. खोली किती, तर नखाला जेमतेम लागेल एवढी. बफ दोनदा फिरला की सपाट, मग परत येत नाही. कोरी ढाल मालकाची आद्याक्षरं कोरायला सोडलेली असते.

जुनंबाजारी:
अस्वलं म्हणजे स्विस केस, घड्याळाची बाहेरची डबी हो. इंग्लंडात स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी लागायची म्हणून स्विस लोक तिकडच्या मालाला ९३५ चांदी वापरायचे, तीन अस्वलं त्याचीच खूण, १८८०च्या दशकाच्या शेवटाकडे सुरू झाली. म्हणजे तुमचं घड्याळ त्याआधीचं नाही. ०.८०० असतं तर पक्षी दिसला असता. इंग्लिश केसवर चालता सिंह, आणि जहाजाचा नांगर असेल तर शिक्का बर्मिंगहॅमचा. मोडीत देऊ नका हो, ग्रॅमवर चांदीचे पैसे मिळतील, नक्षीचे शून्य.

नेरुळची सून:
आमच्याकडे हे होऊन बसलंय. सासऱ्यांच्या घड्याळावर वेलबुट्टी होती, पाडव्याला देवाच्या भांड्यांबरोबर तेही रांगोळीने घासलं गेलं (मीच, दुसरं कोण), आता स्टीलची डबी वाटते. टूथपेस्टही नको. कोरडं मऊ सुती फडकं, बस. खाचांतला काळेपणा राहू दे, त्यानेच नक्षी उठून दिसते.

मिनिटकाटा:
+१. आणि सारखी चावी देऊन बघू नका, आतलं तेल सुकलं असणार, कोरडीच चाकं झिजतील. चावीची घड्याळं उघडणारा जुना कारागीर गाठा. पुढे झाकण असेल तर बंद करताना बटण दाबून धरा, नुसतं फटकन लावलं तर खटका झिजतो.

नौपाडाकर:
धन्यवाद सगळ्यांना. आईने रांगोळीची वाटी काढून ठेवलीच होती, उचलून माळ्यावर टाकली.