बोली कमी, पण खर्च?

सर्वात कमी बोलीला कंत्राट दिलं की पैसे वाचतात, हा मुद्दा विमानतळावरच्या तपासणी यंत्रांच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. यंत्राची किंमत ही फक्त सुरुवात असते. देखभाल, सुटे भाग, सॉफ्टवेअर, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे सगळं पुढे अनेक वर्षं चालतं, आणि सुटे भाग एकाच कंपनीकडे मिळत असतील तर ती सांगेल तो दर द्यावा लागतो.

त्याहून मोठा प्रश्न चाचणीचा. अमेरिकेत टीएसए या विमानतळांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने प्रवाशावर हवेचे झोत सोडून स्फोटकांचे कण हुंगणारी यंत्रं घेतली होती. विमानतळावरची धूळ आणि दमट हवा त्यांना सोसवेना, आणि 2006 मध्ये ती बसवणं थांबवावं लागलं. पुढे बॅकस्कॅटर स्कॅनर, म्हणजे क्ष-किरणांनी कपड्यांखालचं शरीर दाखवणारी यंत्रं, हेही 2013 मध्ये काढले, कारण उघड्या शरीराऐवजी साधी बाह्याकृती दाखवणारं सॉफ्टवेअर पुरवठादाराला वेळेत देता आलं नाही. म्हणजे प्रवाशांच्या खासगीपणाची अट खरेदीनंतर आली! ती निविदेतच हवी होती. प्रत्यक्ष गर्दीच्या रांगेत काही महिने यंत्र चालवून बघितल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.